पट्टे शेडरचे नव्हते

गणपतीला दादा-वहिनी नाशिकहून येणार होते. त्याआधी हॉलमधल्या टीव्हीवर काँट्रा हा आमचा लहानपणीचा व्हिडिओगेम आजीच्या घरी दिसायचा अगदी तसाच दिसायला हवा, असं मी मनाशी ठरवलं होतं. नारायण पेठेत आजीकडे 20 इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही होता. अँटेनाच्या जागी व्हिडिओगेमची वायर खुपसायची आणि चित्र लागेपर्यंत चॅनेल फिरवायचं. चित्रात बारीक आडव्या काळ्या रेषा असायच्या. नाक लावून बघितलं की लाल, हिरवे, निळे ठिपके दिसायचे आणि आजी ओरडायची.

आताच्या टीव्हीवर एम्युलेटर, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम, नुसता चालवला तर तोच गेम टोकदार चौकोनांचा दिसतो. मूळ चित्र जेमतेम 256 बाय 240 ठिपक्यांचं. ते जसंच्या तसं मोठं केलं की एकेक ठिपका बाथरूमच्या टाइलसारखा होतो. जुन्या टीव्हीत असं व्हायचं नाही. गेम प्रत्येक वेळी त्याच 240 ओळींवर चित्र काढायचा आणि मधल्या ओळी काळ्याच राहायच्या. शिवाय जिथे चित्र उजळ तिथे ओळ जाड व्हायची, अंधारात बारीक. स्फोट झाला की काळ्या फटी जवळजवळ बुजायच्या. हे सगळं गणिताने परत आणणारा, ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे सीआरटी शेडर. (सीआरटी म्हणजे पिक्चर ट्यूब.) चांगला शेडर नुसत्या काळ्या रेघा मारत नाही, हे जाड-बारीकही करतो. मला ते बघायचं होतं.

लॅपटॉपवर रेट्रोआर्च हा एम्युलेटर बसवणं, त्याच्या ऑनलाइन अपडेटरमधून स्लँग जातीचे शेडर उतरवणं आणि व्हिडिओ ड्रायव्हर, म्हणजे चित्र ग्राफिक्स चिपकडून काढून घेणारा भाग, व्हल्कन करणं, एवढं अर्ध्या तासात झालं. ड्रायव्हर नुसता जीएल ठेवला तर स्लँग शेडर चालत नाहीत, हे आधीच सांगते. त्यातला सीआरटी-रॉयल शेडर फार देखणा आहे, पण माझ्या जुन्या लॅपटॉपला झेपला नाही, गेम अडखळायला लागला. मग सीआरटी-जिऑम घेतला. लॅपटॉपच्या स्क्रीनवर चित्र असं आलं की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

एचडीएमआय वायर टीव्हीला लावली आणि सगळं बिघडलं. आमचा टीव्ही 43 इंची फुल एचडी. त्याच्यावर काळ्या रेषांऐवजी जाड-बारीक पट्टे दिसायला लागले. एक रेष ठसठशीत, पुढच्या फिकट, परत एक ठसठशीत, वरून खालपर्यंत असंच. गेम सरकला की ते पट्टे पडद्यासारखे वर तरंगायचे. पाच मिनिटांत डोकं दुखायचं.

इथे माझे तीन आठवडे गेले.

पहिला संशय पटीचा होता, आणि तो रास्तच होता. टीव्हीच्या 1080 ओळी, गेमच्या 240. भागाकार साडेचार. अर्धी ओळ काढता येत नाही, त्यामुळे काही रेषा चार पिक्सेलच्या, काही पाचच्या होतात. उपाय इंटिजर स्केल: चित्र बरोबर चारपट, म्हणजे 960 ओळींचं, आणि वर-खाली 60-60 ओळी काळ्या. ते केलं. पट्टे थोडे बदलले, गेले नाहीत. चित्र गुळगुळीत करणारा बायलिनिअर फिल्टर बंद केला. शेडर जुन्या टीव्हीच्या फुगीर काचेसारखा बाक चित्राला देतो, तो बंद केला, कारण बाकामुळे रेषा वाकतात आणि त्यातूनही पट्टे उठतात. (रेषा तपासताना बाक नेहमी बंदच ठेवा, नंतर हवा तर चालू करा.) सहा शेडर बदलले. तपकीर गल्लीत जाऊन 350 रुपयांची नवी वायर आणली. पट्टे तसेच.

शेवटी टीव्हीच्या कंपनीला फोन केला. लॅपटॉपवर ठीक आणि टीव्हीवर बिघडलेलं, म्हणजे टीव्हीतच काहीतरी आहे, एवढं मला कळत होतं. मी सगळं नीट सांगितलं: केबलवर चित्र व्यवस्थित आहे, फक्त लॅपटॉप लावला की असं होतं. त्यांनी तक्रार क्रमांक दिला, 48 तास म्हणाले. पाचव्या दिवशी माणूस आला. त्याने रिमोटला हातसुद्धा लावला नाही. मोबाइलने पडद्याचा एक फोटो काढला, झूम केला आणि म्हणाला, "मॅडम, लाइनी आहेत. पॅनल गेलंय. साडेअकरा हजार."

मोबाइलचा कॅमेरा पिक्सेलच्या जाळीवर स्वतःचे पट्टे उठवतो. चांगल्या टीव्हीचा फोटो काढला तरी लाटा दिसतात. मी त्याला बातम्या लावून दाखवल्या, स्वच्छ चित्र. तो म्हणाला, "आज दिसतंय, पुढच्या महिन्यात जाईल." निघताना ओटीपी मागितला. भेट झाल्याची नोंद असेल म्हणून मी दिला. जिना उतरेपर्यंत मेसेज आला, तक्रार निकाली. पुन्हा फोन केला तर नवा क्रमांक, नवे 48 तास आणि भेटीचे वेगळे पैसे. याचा राग मला अजून आहे. तेव्हा काम झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी.

त्या रात्री मी पट्टी घेऊन टीव्हीसमोर बसले आणि दोन ठसठशीत रेषांमधलं अंतर मोजलं. साधारण एक सेंटिमीटर. दुसरीकडे मोजलं, तेवढंच. खराब पॅनल इतकं मोजून-मापून बिघडत नाही. गेम बंद केला, विंडोजचा डेस्कटॉप समोर आला, आणि खालच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. वेळ दिसत होती. वेळेखालची तारीख अर्धी कापलेली होती. तीन आठवडे ती तशीच माझ्यासमोर होती.

टीव्ही चित्र मोठं करून कडा कापत होता. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा नीट यायच्या नाहीत, म्हणून त्या चौकटीमागे लपवायची पद्धत होती. सपाट पॅनलला त्याची काही गरज नाही, तरी कित्येक टीव्ही कारखान्यातून ती सवय घेऊनच येतात. समजा चित्र पाच टक्के वाढवलं. मग माझी चार पिक्सेलची ओळ 4.2 पिक्सेलची होते. पाच ओळींचे 21 पिक्सेल, आणि दर पाचव्या ओळीला गाडी घसरते. 43 इंची फुल एचडीवर एक पिक्सेल जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे 21 पिक्सेल एक सेंटिमीटरचे. माझ्या पट्टीवरचा आकडा.

उपाय चार बटणांचा निघाला. टीव्हीच्या मेनूत पिक्चर साइझ किंवा अ‍ॅस्पेक्टमध्ये जायचं. कुठे 'जस्ट स्कॅन' असतं, कुठे 'स्क्रीन फिट', कुठे 'फुल पिक्सेल'. ते निवडलं, तारीख पूर्ण दिसली. गेम लावला. आजोबांचं वाचायचं भिंग आणून पडद्याला लावलं आणि ओळी मोजल्या: उजेडाचे तीन पिक्सेल, काळोखाचा एक, परत तीन, परत एक, वरपासून खालपर्यंत, एकही चुकार नाही. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. खूप हलकं वाटलं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

रंगांचे ठिपके मात्र अजून गढूळ होते. बरेच टीव्ही एचडीएमआयवर रंगांची बारीक माहिती गाळतात. सिनेमाला फरक पडत नाही, पण शेजारी-शेजारी लाल-हिरवे पिक्सेल ठेवणाऱ्या शेडरचा चिखल होतो. त्या इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं की माझ्या टीव्हीने रंग पूर्ण घेतले. शार्पनेसही अगदी खाली आणा, नाहीतर रेषांना पांढरी किनार येते.

काळ्या रेषांमुळे चित्र अंधारतं. तेव्हा शेडरमधली ब्राइटनेस न वाढवता टीव्हीचा बॅकलाइट वाढवा, म्हणजे पांढरा रंग फुटत नाही. सगळं जमलं की शेडरच्या मेनूत 'सेव्ह कोअर प्रीसेट' करा. मी पहिल्या दिवशी केलं नव्हतं आणि सगळे आकडे परत भरावे लागले.

म्हणून सांगते, शेडरला हात लावण्याआधी डेस्कटॉपचे चारही कोपरे बघा. पाठवलेला एक पिक्सेल पडद्यावर एकच पिक्सेल होऊन उमटतोय का, हे आधी. रेषा, ठिपके, बाक सगळं नंतर.

दादा आला, सोफ्यावर न बसता सवयीने खाली सतरंजीवर बसला आणि दोन तास खेळला. चित्राबद्दल काही बोलला नाही. फक्त एकदा पुढे सरकून नाक पडद्याला लावलं. आतून वहिनी ओरडल्या.

जाताना त्याने आवराआवर केली आणि वायर दुसऱ्या पोर्टात लावली. संध्याकाळी मी गेम लावला तर पट्टे परत. आमच्या टीव्हीत हे सेटिंग प्रत्येक पोर्टचं वेगळं असतं. आधी तारीख बघितली. अर्धी कापलेली होती. रिमोट घेतला, अर्ध्या मिनिटात झालं.