‘विंग इट’चं कार्ड अखेर सुटलं

इथे ल्योंमध्ये माझ्या वर्गातली फ्रेंच मंडळी इंग्रजी वाक्प्रचार फोनवरच्या उजळणीच्या ॲपमधल्या कार्डांवरून शिकतात. त्यातलं ‘विंग इट’ म्हणजे तयारी नसताना वेळ मारून नेणं. मंगळवारी वर्गातल्या नर्सबाईंच्या फोनवर ते पुन्हा लीच म्हणून आलं, म्हणजे वारंवार चुकणारं कार्ड. आठव्या चुकीला एकदा आलं होतं, आता बाराव्या. वर्गातल्या बाकी दोघांचीही तीच गत. मागच्या नोंदी वाचलेल्यांना माहीत आहे, की ‘निभावणं आणि तडजोड’ या डेकमधली, म्हणजे कार्डांच्या संचातली, इतर कार्डं सुरळीत चालली आहेत आणि हे एकच तीन महिने अडून बसलंय. आज वर्गात ते सुटलं, म्हणून रात्रीचे साडेअकरा झाले तरी लिहायला बसलेय.

मूळ अडचण माझ्या कानात होती. ‘विंग’ म्हटलं की मला रंगमंच दिसतो. ‘विंगेत उभा होता’, ‘विंगेतून प्रॉम्प्टिंग’ हे आपल्याला इतकं सवयीचं आहे, की तो शब्द इंग्रजी आहे हेही लक्षात येत नाही. वाक्प्रचारही तिथलाच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा: संवाद पाठ नसलेला नट विंगेत घोकून किंवा तिथून मिळणाऱ्या प्रॉम्प्टिंगवर वेळ मारून न्यायचा. पण फ्रेंच माणसाला ‘विंग’ म्हणजे ‘एल’, पक्ष्याचा पंख. नाटकाच्या विंगेला त्यांच्याकडे ‘कुलीस’ म्हणतात आणि त्या शब्दात पंख कुठेच नाही.

पहिल्या आवृत्तीत मी पक्ष्याचं चित्र लावलं होतं. त्यावरून सगळ्यांना ‘व्होले द से प्रोप्र झेल’ आठवलं, म्हणजे स्वतःच्या पंखांनी उडणं, स्वावलंबी होणं. ‘माझी मुलगी आता विंग इट करते, वेगळी राहते’ असं वाक्य आलं. दुसऱ्या आवृत्तीत पाठीमागे ‘ओ प्ये लव्हे’ लिहिलं. ते ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी उभं राहण्यासाठी जास्त वापरतात, त्यामुळे नर्सबाईंनी आजारी मैत्रिणीची पाळी ‘विंग’ केली. मग मी विंगेची गोष्ट सांगितली आणि ‘कुलीस’ शब्द घातला. तो सगळ्यात महागात पडला. ‘आँ कुलीस’ म्हणजे पडद्याआड, गुपचूप. लगेच ‘मंत्र्यांनी करार विंग केला’ असं वाक्य तयार!

या आठवड्यात कार्डावरून चित्र, व्युत्पत्ती, फ्रेंच प्रतिशब्द सगळं काढून टाकलं. पुढच्या बाजूला फ्रेंचमध्ये फक्त प्रसंग ठेवला: उद्या सकाळी सादरीकरण आहे, टिपणं काढलेली नाहीत, तरी उभं राहायचंय. शेजारी जोडकार्ड: रविवारी सहलीला जायचंय, पण पाऊस येईल की नाही कळत नाही, तेव्हा सकाळी बघू. पहिल्याचं उत्तर ‘विंग इट’, दुसऱ्याचं ‘प्ले इट बाय इअर’. आणि दोन्हींवर एकच प्रश्न: इथे काय कमी आहे, तयारी की माहिती? तयारी नसेल तर विंग, माहिती नसेल तर इअर. आज नर्सबाईंनी न अडखळता दोन्ही बरोबर सांगितली आणि वर वर्गातल्या सुताराला समजावूनही दिली. ‘प्ले इट बाय इअर’साठी तो नेहमी ‘ओ फीलिंग’ म्हणायचा. शब्द इंग्रजी, पण अशा अर्थाने तो वापरतात फ्रेंच लोक. तेही आज थांबलं.

कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणाऱ्या एफएसआरएस या गणिताबद्दल एवढंच सांगते: अंतरं ते छान काढतं, पण चुकीचं कार्ड कितीही अचूक वेळी समोर आलं तरी चुकीचंच राहतं. आणि तयार डेक उतरवून घेऊ नका. त्यांत ‘विंग इट’पुढे नुसतं ‘इंप्रोव्हिझे’ लिहिलेलं असतं आणि तेच ‘ऑफ द कफ’ (आयत्या वेळी सुचेल ते बोलणं) याच्यापुढेही.

आनंद ‘ज्युरी-रिग’ने दिला, म्हणजे मिळेल त्यातून तात्पुरती सोय करणं. त्याचा न्यायालयाच्या ज्युरीशी संबंध नाही. मोडलेल्या डोलकाठीच्या जागी तात्पुरती उभारतात ती ‘ज्युरी मास्ट’, हा सतराव्या शतकापासूनचा खलाशी शब्द. फ्रेंच खलाशी तिला ‘मा द फोर्त्यून’ म्हणतात. शिवाय हाताशी आहे त्यावर भागवणं म्हणजे ‘ले म्वायँ द्यू बोर’, जहाजावरची साधनं. दोन्ही भाषा एकाच जहाजावर, त्यामुळे कार्ड पहिल्या दिवशीच बसलं. आपला ‘कोंड्याचा मांडा’ स्वयंपाकघरातला, तो मी सुताराला सांगितला तेव्हा त्याने वहीत लिहून घेतला.

तडजोडीच्या बाजूला ‘स्प्लिट द डिफरन्स’ राहिलंय. फ्रेंच नाशपाती मधोमध कापतात, ‘कुपे ला प्वार आँ दो’, आणि ती आकड्यांनाही चालते, सुट्टीच्या भांडणालाही. आठवडा समुद्र, आठवडा डोंगर. इंग्रजी वाक्प्रचार शोभतो तो आकड्यांना: ऐंशी आणि शंभर, म्हणून नव्वद. सुट्टीला ‘मीट हाफवे’ बरं. म्हणजे इथेही जोडकार्डच हवं. खरं तर डेकचे विषयवार भाग करणार होते, पण हे लिहिताना वाटतंय की जोड्यांनीच लावावा.

‘विंग इट’ला आता चित्र म्हणून गिन्योल लावावा असंही मनात आलं. तो इथला, ल्योंचाच. लोराँ मुर्गे या दात उपटणाऱ्याने 1808च्या सुमारास ती बाहुली घडवली आणि तो खेळ ऐनवेळीच रचायचा. पण ‘फेर ल गिन्योल’ म्हणजे विदूषकी चाळे करणं, आणि मंत्र्यांचा करार अजून माझ्या लक्षात आहे. चित्र नको. शनिवारी ‘स्प्लिट द डिफरन्स’ची जोडी बनवते आणि जुन्या चाळीस कार्डांवरची चित्रंही एकेक तपासते.