घर निवडायचं की माणूस?

पुतणीच्या गणिताच्या प्रोजेक्टसाठी आज ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत घरोघर फिरलो. प्रश्न एकच, घरात माणसं किती? काही काकूंनी चहाशिवाय सोडलं नाही!

40 घरं झाली. ताळ्याच्या खुणा (प्रत्येक घरामागे एक रेघ) मोजून तिने वारंवारता सारणी, म्हणजे किती माणसांची किती घरं याचा तक्ता, मांडली: 2 माणसांची 6 घरं, 3 माणसांची 11, चौघांची 15, पाच जणांची 5 आणि सहा जणांची 3. आता डोळे मिटून एक घर निवडलं, तर ते चौघांचं असण्याची संभाव्यता किती? वारंवारता भागिले एकूण, 15/40, म्हणजे 0.375. पाच किंवा जास्त माणसांचं असण्याची 8/40, म्हणजे 0.20. इथपर्यंत सोपं.

मग तिनेच विचारलं, "काका, घराऐवजी माणूस निवडला तर?"

काय सुंदर प्रश्न! प्रत्येक ओळीत माणसं गुणिले घरं केलं, बेरीज आली 148. त्यातले 25 अधिक 18, म्हणजे 43 जण मोठ्या (पाच किंवा जास्त माणसांच्या) घरांतले. 43/148, साधारण 0.29. सारणी तीच, पण मोठ्या घरात माणसं जास्त, म्हणून त्यांच्यापैकी कुणी हाती लागण्याची शक्यताही जास्त. सातवीतल्या पोरीला हे सुचलं याचा मला फार अभिमान वाटतोय. उद्या शेजारच्या विंगमध्ये जाणार आहोत.