१६ मिलिमीटर प्रोजेक्टर: घूं गेला, गुरगुर बाकी

मी दुरुस्त करत असलेल्या प्रोजेक्टरचं चित्र मागच्या महिन्यातच स्थिर झालं होतं. गेले तीन रविवार गेले ते आवाजात. फिल्म्स डिव्हिजनच्या एका माहितीपटाची मराठी निवेदनाची प्रिंट जुन्या बाजारात मिळाली होती. ती लावली की निवेदकाच्या मागे अखंड ‘घूंऽऽ’, शब्द गोधडीतून आल्यासारखे आणि सनईचा लांब सूर लागला की तो थरथरायचा. एका आवाजात तीन दुखणी होती, हे मला उशिरा कळलं.

घूं ऐकून मी थेट अँप्लिफायर उघडला. आपली वीज ५० हर्ट्झची, ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणारा भाग) तिचा घूं १०० हर्ट्झचा होतो, म्हणजे उरलेले चढउतार सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर सुकले असणार, असा हिशेब केला. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, नवे आणून बसवले. फरक पडला, पण नावापुरता.

अशा फिल्मवर आवाज कडेच्या ध्वनिपट्टीत छापलेला असतो. फिल्म साउंड ड्रम नावाच्या गोल रुळावरून सरकताना एक्सायटर लॅम्प या छोट्या दिव्याची बारीक रेघ त्या पट्टीतून जाते आणि मागचा फोटोसेल कमीजास्त होणाऱ्या उजेडाचा विजेचा सिग्नल करतो. मग जी चाचणी सगळ्यात आधी करायला हवी होती ती केली. फिल्म न लावता मशीन चालू केलं आणि एक्सायटर लॅम्प आणि साउंड ड्रमच्या मधे पोस्टकार्ड धरलं. घूं जवळजवळ गप्प! कार्ड काढलं की परत हजर. कार्ड भराभर हलवलं की स्पीकरमधून थप-थप येत होतं, म्हणजे फोटोसेल आणि अँप्लिफायर दोन्ही धडधाकट. आवाज वायरीतून नाही, उजेडातून येत होता. (खोलीतला ट्यूबलाइट आधी बंद करा. कव्हर उघडं असलं की फोटोसेल त्याचाही घूं पकडतो.)

लॅम्प ४ व्होल्ट, ०.७५ अँपिअरचा. खात्री करायला इमर्जन्सी दिव्याची ६ व्होल्टची बॅटरी घेतली, मधे ३.३ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर टाकला आणि लॅम्प त्यावर पेटवला. घूं साफ गेला. लॅम्पच्या सप्लायचा कपॅसिटर वेगळा होता आणि तो पार कोरडा निघाला. तो बदलल्यावर बॅटरीची गरज उरली नाही. हात घालण्याआधी प्लग काढा आणि कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करा, हे विसरू नका.

आता गोधडीतला आवाज. १६ मिलिमीटरची फिल्म २४ फ्रेमच्या वेगाने ड्रमवरून सेकंदाला साधारण १८.३ सेंटिमीटर सरकते. ५००० हर्ट्झची एक लाट ध्वनिपट्टीवर जेमतेम ०.०३७ मिलिमीटर जागा घेते. प्रकाशाची रेघ तेवढी बारीक पडली नाही, तर ‘स’ आणि ‘श’ एकसारखेच ऐकू येणार. ही रेघ पाडणाऱ्या लेन्सवर तेलाचा पिवळट थर होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. मग लेन्स किंचित मागेपुढे करत कानाने फोकस लावला. प्रत्येक प्रिंटचं इमल्शन, म्हणजे चित्र आणि आवाज उमटलेला थर, एकाच बाजूला नसतं आणि फिल्मची जाडी सुमारे ०.१५ मिलिमीटर, त्यामुळे एका प्रिंटला जमलेला फोकस दुसरीला जमेलच असं नाही. चाचणीसाठी फाटक्या रिळाचा मीटरभर तुकडा टोकाला टोक जोडून गोल फिरत राहील असा केला. चांगली प्रिंट अशा कामाला लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

थरथर मात्र फ्लायव्हीलची, म्हणजे ड्रमचा वेग एकसारखा ठेवणाऱ्या जड चाकाची होती. बेअरिंगमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. हाताने फिरवलं की चाक चार-पाच फेऱ्यांत थांबायचं. धुऊन शिलाई मशीनचं तेल दिलं, तर अर्ध्या मिनिटाहून जास्त फिरत राहिलं. त्या रात्री तो सनईचा सूर सरळ लागला आणि मी रीळ तीनदा लावून ऐकलं.

ओठ आणि शब्द मागेपुढे होत असतील, तर खालचा लूप, म्हणजे चित्राची खिडकी आणि साउंड ड्रम यांच्यामधला फिल्मचा सैल वेढा, तपासा. आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो, म्हणजे सेकंदाहून थोडा जास्त. लूप चुकला की ओठ-शब्दांचा मेळही चुकतो.

उरली आहे एक मंद गुरगुर, सेकंदाला २४ ठोक्यांची. १६ मिलिमीटरवर ध्वनिपट्टी छिद्रांच्या समोरच्या कडेला असते. फिल्म ड्रमवर आडवी सरकून प्रकाशाची रेघ चित्राच्या कडेवर जात असावी आणि दोन फ्रेममधल्या रेषा ऐकू येत असाव्यात. बाजूचा गाइड रोलर झिजलेला दिसतोय. पुढच्या रविवारी तो काढून मोजणार आहे. कोणी लेथवर असा रोलर करून घेतला असेल, तर धातू कोणता वापरला ते जरूर सांगा.