कोडिंग येत नाही आणि पैसेही फार नाहीत, तरी प्रॉडक्ट बनवायचंय

"ॲप बनवायला किती लागतात गं?" हा प्रश्न मला हल्ली बरेच जण विचारतात, कारण मला कोडिंगमधला क सुद्धा येत नाही आणि तरी माझं प्रॉडक्ट चालू आहे, लोक पैसे देऊन वापरतायत. आकडा मी सांगत नाही कारण आकडा असा नसतोच. एकच वर्णन चार जणांना पाठवून बघा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त कोटेशनमध्ये कित्येक पटींचा फरक निघतो, आणि दरवेळी कोणी लुटतंय असंही नसतं बरं का, तुम्ही जे लिहिलेलं नाही ते प्रत्येकाने आपापल्या मनाने भरून घेतलेलं असतं.

साधं लॉगिन घ्या. माझं टूल क्लास घेणाऱ्यांसाठी आहे, गाणं, चित्रकला, गणित काहीही, त्यांच्या बॅचेस, फी आणि बुडालेले तास सांभाळायला. "शिक्षक लॉगिन करतील" एवढंच एक वाक्य लिहिलं की आपल्याला वाटतं झालं. पण ईमेलने की फोनने? ओटीपी आलाच नाही तर? नंबर बदलला तर जुना डेटा कुठे जाणार? दोघं मिळून क्लास चालवत असतील आणि त्यातला एक सोडून गेला तर विद्यार्थी कोणाच्या नावावर? एकाच घरातली दोन मुलं येत असतील तर आईचं अकाउंट एक की दोन? यातल्या एकाही प्रश्नाला कोडिंग लागत नाही, धंदा कळावा लागतो, आणि तो तुम्हाला कळतो, डेव्हलपरला कुठून कळणार. तुम्ही उत्तर दिलं नाही तर तो बिचारा त्याला सुचेल ते करून टाकतो, मग अर्धं काम झाल्यावर तुम्ही म्हणता अरे हे असं नको होतं, आणि मीटर परत चालू. माझ्या मते खरा खर्च हा मत बदलण्याचा असतो. त्यामुळे जेवढं मत बदलायचंय तेवढं कोडच्या आधी बदलून घ्यायचं, तेव्हा ते फुकट असतं.

आता कोडच्या आधी म्हणजे कसं, तर हाताने. मी एक गुगल फॉर्म, एक शीट आणि व्हॉट्सॲप एवढ्यावर सुरुवात केली, फी ची आठवण जायची ती मी स्वतः बसून पाठवायचे, समोरच्याला वाटायचं सिस्टिम पाठवतेय. यात काही नवीन नाही, १९९९ मध्ये झॅपोस हे ऑनलाइन बुटांचं दुकान सुरू झालं तेव्हा त्याचा संस्थापक निक स्विनमर्न दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढायचा, साइटवर टाकायचा आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून विकत घेऊन पाठवायचा. सवलतीची कूपन विकणारं ग्रुपॉन २००८ मध्ये साध्या वर्डप्रेस ब्लॉगवर चालायचं आणि कूपनच्या पीडीएफ मेलने जायच्या. लोक ऑनलाइन बूट घेतील का, याचं उत्तर मिळायला गोदाम लागत नव्हतं.

हाताने करण्याचा मोठा फायदा म्हणजे लोक नेमकं कुठे अडतात ते रोज डोळ्यासमोर येतं. फीचे रंगीत चार्ट एकानेही मागितले नाहीत, सगळ्यांचं दुखणं एकच, मुलगा आजारी पडून तास बुडला तर तो भरून कधी आणि कुठल्या बॅचमध्ये द्यायचा. हे कुठल्याही सर्व्हेत निघालं नसतं, कारण विचारलं की लोक चार्ट पण हवेत म्हणतात. (फुकट आहे तोवर सगळ्यांना सगळं हवं असतं, म्हणून थोडे का होईना पैसे पहिल्यापासून घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.)

मग नो-कोड, म्हणजे कोड न लिहिता ॲप बनवायची साधनं. ग्लाइड, सॉफ्टर, बबल वगैरे, शीट किंवा डेटाबेसवर स्क्रीन लावायला मस्त आहेत, पण घेण्याआधी दोनच गोष्टी बघा: बिल कशावर वाढतं आणि बाहेर पडताना काय सोबत नेता येतं. बबलमध्ये डेटा काढता येतो पण ॲपचा कोड बाहेर नेता येत नाही, आणि २०२३ पासून त्यांचं बिल वर्कलोडवर आहे, म्हणजे ॲप जेवढं काम करेल तेवढं मोजलं जातं. वेगवेगळी ॲप्स एकमेकांना जोडणारं झेपियर टास्क मोजतं, म्हणजे आपोआप झालेलं प्रत्येक काम. शंभर जण वापरायला लागले तर बिल किती येईल, हे गणित आधीच कागदावर मांडून बघा.

एआयने कोड लिहून घेणं, ज्याला आंद्रे कार्पाथी या एआय संशोधकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हाइब कोडिंग नाव दिलं, ते मी पण करते. एका संध्याकाळी चालणारी स्क्रीन समोर येते, लोकांना दाखवायला आणि डेव्हलपरला "मला असं हवंय" सांगायला याच्याइतकं स्वस्त काही नाही, पानभर वर्णनापेक्षा डेव्हलपरला ती स्क्रीन पटकन कळते. पण दिसायला बरोबर आणि आतून उघडं असं फार होतं. एक टेस्ट आपल्यालाही जमते: दोन खोटे शिक्षक तयार करा, पहिल्याने लॉगिन करून विद्यार्थ्याचं पान उघडा, वर ब्राउझरच्या पत्त्यात (लिंकमध्ये) जो नंबर दिसतो तो बदलून दुसऱ्याच्या विद्यार्थ्याचा टाका. पान उघडलं तर तिथेच थांबा आणि जाणकार माणसाला पैसे देऊन ते आधी नीट करून घ्या. मुलांची नावं आणि पालकांचे नंबर असलेल्या गोष्टीत इथे काटकसर करायची नाही. पेमेंटचं पण तेच, कार्डाचे नंबर स्वतःकडे ठेवायच्या भानगडीत पडूच नका, तयार पेमेंट गेटवे वापरा, म्हणजे आपल्या वतीने ऑनलाइन पैसे घेणारी सेवा.

मोबाइल ॲप हवंच का? बहुतेकांना सुरुवातीला नको असतं, मोबाइलवर नीट दिसणारी वेबसाइट पुरते. ॲपलची डेव्हलपर फी वर्षाला ९९ डॉलर, गुगलची एकदाच २५, ही रक्कम मोठी नाही, पण त्यामागची कटकट मोजा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक अकाउंट असेल तर गुगल प्लेवर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ते वापरून बघणारे १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात (आधी २० लागायचे). ॲपलकडे नियम असा की तुमच्या ॲपमध्ये लोकांना अकाउंट बनवता येत असेल तर ते ॲपमधूनच डिलीट करायची सोय पण द्यावी लागते. वेबसाइटला यातलं काही नाही, चूक सापडली की पाच मिनिटांत दुरुस्त.

डेव्हलपर घेताना मी आधी एक छोटं काम पैसे देऊन करून घेते, सगळा प्रोजेक्ट एकदम कधीच नाही. आणि प्रत्येक कामाला "झालं" म्हणजे काय ते लिहून देते, उदाहरणार्थ: पालकाने सुट्टी टाकली की शिक्षकाला मेसेज जातो, आणि त्या बॅचमध्ये एक जागा रिकामी दिसते. दर आठवड्याला चालू लिंक बघायला मिळाली पाहिजे, ऐंशी टक्के झालंय हे ऐकून काही उपयोग नाही.

आणि सगळी अकाउंट स्वतःच्या नावावर! डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट जिथे चालते ती जागा), गिटहब (कोड ठेवायची साइट), ॲप स्टोअरचं अकाउंट, सगळं तुमच्या ईमेलने उघडा आणि डेव्हलपरला ॲक्सेस द्या, उलटं नको. गिटहबवर प्रायव्हेट रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं खाजगी फोल्डर, २०१९ पासून फुकट आहे आणि २०२० पासून त्यात कितीही माणसं जोडता येतात, त्यामुळे कोड आमच्या सर्व्हरवर राहू दे ना, या म्हणण्याला काही कारण उरत नाही. कोडचे हक्क तुमच्याकडे येतात हे पण लेखी घ्या, बऱ्याच देशांत पैसे दिले म्हणून बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही.

माझ्याकडे सध्या सगळ्यात बोचणारा खर्च एसएमएसचा आहे, प्रत्येक ओटीपीला पैसे जातात, म्हणून नवीन लोकांना ईमेलवर लिंक पाठवून लॉगिन देतेय. काही शिक्षक मेल उघडतच नाहीत, त्यांच्यासाठी ओटीपी ठेवलाय, आणि एकदा लॉगिन झालं की महिनाभर परत विचारायचं नाही असं करून घेतलंय.