पत्ता कळवलात कशाला?

आमच्या रद्द झालेल्या कॅनडाच्या अर्जाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. आधी नणंद विचारायची, मग ऑफिसातले लोक, आणि आता भाचेमंडळी विचारतात, कारण आता त्यांचे अर्ज चालू आहेत. ‘मामी, सगळं सुरळीत होतं ना? मग पत्ता बदलल्याचं व्हिसा ऑफिसला कळवलंतच कशाला?’ मी अर्धंमुर्धं काहीतरी सांगते. समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘एवढं कसं कळलं नाही हिला’ हे उमटायला लागलं की माझा धीर सुटतो आणि मी विषय बदलते. तुम्ही इतकी वर्षं विचारताय, तर एकदा सगळंच सांगते.

न्यू जर्सीतल्या एडिसनचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, नवरा एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. पुण्यात साइटवर उभा राहून लोकांकडून काम करून घेणारा सिव्हिल इंजिनिअर तिथे मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवून आला की दिवसभर घरात. एच-फोरवरच्या काही जणांना कामाची परवानगी मिळायला लागली ती २०१५ मध्ये. आमच्या वेळी तसलं काही नव्हतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचं काय होतं ते नव्याने सांगायला नको. कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, मिळालं तर दोघांनाही पहिल्या दिवसापासून काम करता येणार होतं. अर्जामागे एवढंच होतं. आमच्या परदेशाच्या हौसेबद्दल जे बोललं जातं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

ऑगस्ट २००७ मध्ये फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल लोकांना गुण देऊन निवडणाऱ्या योजनेखाली अर्ज केला. अमेरिकेत वर्षाहून जास्त काळ कायदेशीर राहत होतो, म्हणून तिथल्याच व्हिसा ऑफिसात करता आला. पास व्हायला ६७ गुण लागत, माझी बेरीज ७१ होत होती: शिक्षणाचे २०, इंग्रजीचे १६, अनुभवाचे २१, वयाचे १० आणि नवऱ्याच्या डिग्रीचे ४. फी आम्हा दोघांची प्रत्येकी ५५० कॅनेडियन डॉलर आणि मुलीची १५०. तेव्हाच्या पद्धतीत आधी नुसते फॉर्म आणि फी पाठवायची, कागदपत्रं ते मागतील तेव्हा. म्हणजे आधी रांगेत नंबर लावून ठेवायचा. पण ही रांग ऑफिसागणिक वेगळी होती. कायदा तोच, गुणांचा तक्ता तोच. तरी भारतातून केलेल्या अर्जाला अमेरिकेतल्या अर्जाच्या दुपटीहून जास्त वेळ लागायचा. हे आम्हाला माहीत होतं. ‘तुम्हाला माहीत नव्हतं का?’ असं विचारणाऱ्यांसाठी हे वाक्य.

२००८ च्या शेवटी माझा प्रोजेक्ट बंद झाला. नोकरी गेल्यावर साठ दिवस राहण्याची मुभा आता आहे, ती २०१७ पासूनची. आम्हाला तर गाडी विकायचं कामसुद्धा मित्राच्या गळ्यात घालून यावं लागलं. जानेवारी २००९ मध्ये आम्ही कोथरूडला, सासरच्या घरी.

आता त्या रात्रीचं सांगते. येऊन थोडेच दिवस झाले होते. मुलीची झोप अजून तिकडच्या वेळेवर होती, ती कशीबशी झोपली होती. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला बँकेचे कागद, दुसऱ्या बाजूला कॅनडाची फाइल. मी पत्ता बदलल्याचं पत्र लिहायला घेतलं. नवरा समोर येऊन बसला आणि म्हणाला, “अगं, हे नको पाठवू. एडिसनचा पत्ता राहू दे. पत्र आलं तर तो स्कॅन करून पाठवेल, म्हणालाय मला.” त्याने मित्राशी आधीच बोलून ठेवलं होतं हे मला तेव्हा कळलं.

मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. तुम्हालाही नेहमी ह्याच तीन सांगते. पहिली, अर्जावर माझी सही आहे. दिलेल्या माहितीत बदल झाला तर ताबडतोब कळवीन, असं त्या सहीच्या वर छापलेलं आहे. दुसरी, हे लपणार कुठे? पासपोर्टवर मुंबईचा शिक्का बसलाय. उद्या ते बँकेची स्टेटमेंटं मागतील, पोलिसांचा दाखला मागतील, नोकरीचं पत्र मागतील, आणि प्रत्येक कागदावर पुणे असेल. खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती लपवली असं ठरलं तर तेव्हा दोन वर्षांची बंदी होती. २०१४ पासून ती पाच वर्षांची झाली. तिसरी, मेडिकलचं पत्र, म्हणजे वैद्यकीय तपासणी करून घ्या असं सांगणारं, आलं की मुदत मोजायला सुरुवात होते. ते कुणाच्या तरी टपालपेटीत पडून राहिलं आणि तो मित्रच घर बदलून गेला तर?

तो म्हणाला, “कागद मागतील तेव्हा सांगू ना. तेव्हा खोटं नको बोलायला. आत्ता कुणी विचारलंय?”

ह्या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. कारण तो खोटं बोल म्हणत नव्हता. थांब म्हणत होता. मी म्हटलं, सहीच्या वर ‘विचारल्यावर कळवीन’ असं लिहिलेलं नाही. तो उठून गॅलरीत गेला. मी पत्र पुरं केलं, फाइल नंबर दोनदा तपासला, आणि दुसऱ्या दिवशी डेक्कनजवळच्या कुरिअरवाल्याकडे देऊन आले. त्याने पावती फाडली ती अजून त्या फाइलीत आहे.

त्या वसंतात उत्तर आलं. चार-पाच ओळी. तुमच्या निवासाच्या देशाचं काम बघणाऱ्या ऑफिसकडे तुमची फाइल पाठवण्यात येत आहे. यापुढचा पत्रव्यवहार त्यांच्याशी करावा. ‘रांगेतला तुमचा नंबर कायम राहील’ असं कुठे लिहिलंय का, म्हणून मी ते पत्र उलटसुलट पाहिलं. पाठ कोरी होती.

त्यानंतर फाइल नक्की कुठे आहे हेच कळेना. पहिलं ऑफिस म्हणायचं, पाठवली. दुसरं म्हणायचं, नोंद सापडत नाही, प्रक्रियेची सर्वसाधारण मुदत उलटेपर्यंत चौकशी करू नये. वेबसाइटवर एकच ओळ, ‘अर्ज मिळाला’, आणि पुढे ऑगस्ट २००७ ची तारीख. मी रोज बघायचे. सकाळी दूध तापेपर्यंत एकदा, रात्री झोपताना एकदा. त्या दरम्यान माझ्या आयईएलटीएस ह्या इंग्रजीच्या परीक्षेतल्या गुणांची दोन वर्षांची मुदत संपली. परीक्षा परत द्यायची का, फ्लॅटसाठी कर्ज काढायचं का, मुलीला कुठल्या बोर्डाच्या शाळेत घालायचं, नवऱ्याने नागपूरची चांगली साइट घ्यायची का. घरातली प्रत्येक गोष्ट भिजत घोंगड्यासारखी पडून. तो नागपूरला गेला नाही. ‘पत्र आलं तर?’ हे त्याचं कारण. ज्या पत्रासाठी मी पत्ता कळवला होता तेच.

आणि मग ते जोडपं. माझ्याच प्रोजेक्टवरचं, आमच्याच महिन्यात अर्ज केलेलं, आमच्यासारखंच परत आलेलं. त्यांनी भावाचा अमेरिकेतला पत्ता तसाच ठेवला. २०१० मध्ये त्यांना मेडिकलचं पत्र आलं, आज ते मिसिसागात आहेत. तुमचा प्रश्न ह्याच गोष्टीतून येतो हे मला कळतं. मी त्यांच्यावर रागावलेले नाही. त्यांनी काय सांगितलं आणि काय नाही, मला ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा हक्कही मला नाही.

पण मला जो राग आहे तो दुसऱ्या जागी आहे, आणि तिथवर तुमचा प्रश्न कधी पोचतच नाही. २७ फेब्रुवारी २००८ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून आलेल्या अर्जांना नवे नियम लागले: मंत्र्यांनी ठरवलेल्या यादीतले व्यवसाय घ्यायचे, आणि त्यांचे निकाल सहा ते बारा महिन्यांत लावायचं उद्दिष्ट. नोव्हेंबर २००८ च्या यादीत ३८ व्यवसाय होते. नर्स, वेल्डर, प्लंबर, शेफ, भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांची गरज होती. पण आमच्या मागून आलेले लोक आमच्या डोळ्यांदेखत पुढे जात होते आणि जुने अर्ज कपाटात होते. ‘मग पुन्हा अर्ज का नाही केला?’ हाही प्रश्न येतो. मी प्रोग्रॅमर, आणि प्रोग्रॅमर त्या यादीत नव्हता, म्हणून. २०१० च्या यादीतही नव्हता.

२९ मार्च २०१२ च्या बजेटमध्ये जाहीर झालं की हे जुने अर्ज रद्द करणार, आणि २९ जूनला कायदा झाला. इमिग्रेशनच्या कायद्यात ८७.४ हे कलम घातलं: २७ फेब्रुवारी २००८ च्या आधीचा अर्ज आणि २९ मार्च २०१२ पर्यंत अधिकाऱ्याने निवडीचा निर्णय दिलेला नाही, तर तो अर्ज संपला. आमची फाइल तोवर कुणी उघडलीच नव्हती. कुटुंबं धरून सुमारे २,८०,००० माणसं एका कलमात निघाली. फी परत, पण बिनव्याजी. नुकसानभरपाई मागता येणार नाही, हेही त्याच कलमात. फी परत हवी तर सध्याचा पत्ता कळवायचा होता. तो नवऱ्याने कळवला.

काही अर्जदार कोर्टात गेले. एप्रिल २०१३ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल दिला. वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून दार बंद झालेलं पाहायला मिळालं, हे न्यायमूर्तींनी मान्य केलं, आणि तरी कलम वैध ठरवलं. मी तो निकाल अख्खा वाचला. निकाल विरुद्ध गेला तरी कुणीतरी आमच्या वाट पाहण्याची नोंद घेतली, एवढ्याने मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. नवऱ्याला वाटलं नाही.

तर पत्ता. पत्ता कळवला नसता तर आम्ही २०१० मध्ये गेलो असतो का? बहुधा गेलो असतो, ते जोडपं गेलं तसं. हे मी कधी नाकारलेलं नाही. पण भारतातून सरळ अर्ज केलेल्या हजारो लोकांनी काय केलं होतं? त्यांनी काहीही कळवलं नाही, काहीही लपवलं नाही, फक्त आपल्या देशातल्या ऑफिसात अर्ज केला. त्यांचेही अर्ज रद्द झाले. तेव्हा सगळं माझ्या एका पत्रावर आणून ठेवू नका, असं मी म्हणते. आणि म्हणता म्हणता जाणवतं की त्या हजारोंच्या रांगेत आम्हाला माझ्याच पत्राने आणून उभं केलं. २००९ मधली मी लगेच म्हणते, सही तुझी होती. मी म्हणते, सहीचं खरं, पण घरात तीन माणसं होती आणि निर्णय एकीने घेतला. ती म्हणते, अर्जदार कोण होतं? ह्यापुढे आमच्यात कधी काही ठरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्या तीन कारणांत नव्हती. ती मी कुणालाच सांगितलेली नाही. आम्ही परत आलो तेव्हा सोसायटीत, नातेवाइकांत, सगळीकडे एकच सूर होता: नोकरी गेली, परत आले. सासूबाई कुणी विचारलं की म्हणायच्या, “कॅनडाचं चाललंय त्यांचं.” ते पत्र एडिसनला नको होतं मला. ते कोथरूडच्या घरी यायला हवं होतं, कॅनडाच्या सरकारचा शिक्का असलेला लिफाफा पोस्टमनने दारात द्यायला हवा होता, आणि सासूबाईंनी तो सही करून घ्यायला हवा होता. सहीचा प्रामाणिकपणा खरा होता, बंदीची भीतीही खरी होती. पण हेही होतं, आणि ते किती होतं हे मला मोजता येत नाही.

गेल्या महिन्यात भाचीने विचारलं. तिचा पीआरचा अर्ज चालू आहे आणि मध्येच नोकरी गेली. कळवू की नको? मी म्हटलं, कळव. नवरा शेजारीच होता, तो काही बोलला नाही. रात्री मी त्याला हे लिहिलेलं वाचायला दिलं. शेवटपर्यंत वाचून तो म्हणाला, “हे लिफाफ्याचं तू मला त्या रात्री सांगितलं असतंस, तर मी ते पत्र पाठवू दिलं नसतं.”

मी म्हटलं, म्हणूनच सांगितलं नाही.