मॉर्फिन कोण देणार, रात्री कोण येणार

आत्याचा स्तनाचा कर्करोग कंबरेच्या मणक्यात उतरला आहे असे डॉक्टरांनी सांगितले, त्या दिवशी कर्वे रस्त्याने रिक्षातून घरी येताना ती एवढेच म्हणाली, “आता केमो नको, सुया नकोत. फक्त दुखू देऊ नकोस.” तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या, कुणाकडे कधी काही न मागितलेल्या बाईने मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि तिच्यासाठी पहिले ठिकाण निवडताना मी नेमके त्याबद्दलच काही विचारले नाही. तिला जाऊन आता वर्ष होत आले. मधल्या काळात ओळखीच्या तीन घरांतून मला फोन आले, की शेवटच्या दिवसांसाठी पुण्यात चांगले ठिकाण कोणते. नाव सांगून मोकळे होण्यापेक्षा ठिकाण पारखायचे कसे हे सांगितलेले बरे, असे वाटल्यामुळे हे सविस्तर लिहिते आहे.

ते पहिले ठिकाण शहराच्या कडेला होते. पुढे बाग, बागेत तुळशीवृंदावन, संध्याकाळी हरिपाठ, पांढऱ्याशुभ्र चादरी आणि पाटीवर ‘हॉस्पिस’ हा शब्द, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत वेदना कमी करून काळजी घेणारे ठिकाण. व्यवस्थापकांनी खोल्या दाखवल्या, डिपॉझिट सांगितले, जेवणाचा तक्ता हातात दिला. खोलीत सकाळचे ऊन येते का, हे मी आवर्जून विचारले. तिसऱ्या रात्री साडेबाराला आत्याच्या शेजारच्या खाटेवरील बाईंच्या मुलीने मला फोन केला, की तुमच्या आत्या उशी तोंडात धरून कण्हत आहेत. मी पोहोचले तेव्हा ड्यूटीवर एक मावशी होत्या. त्या बिचाऱ्या आत्याच्या पायाशी बसून होत्या आणि त्यांच्या हातात देण्यासारखे काहीच नव्हते. नेहमीची वेदनाशामक गोळी दहा वाजता देऊन झाली होती, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर फोनवर म्हणाले की हाडांचा कॅन्सर आहे, दुखणारच. आणि मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचे अफूपासूनचे औषध, तिथे ठेवतच नव्हते. सकाळपर्यंत मी तिचा हात धरून बसले. त्या रात्रीबद्दल मी स्वतःला अजून पूर्ण माफ केलेले नाही.

म्हणून पहिली चौकशी मॉर्फिनची करावी. हा शब्द उच्चारायलाही आपण घाबरतो, ‘मॉर्फिन सुरू झाले म्हणजे संपले’ असे आपल्या घराघरांत मानले जाते, आणि या भीतीला कायद्याचीही जोड मिळाली. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन बाळगण्यासाठी इतके परवाने लागू लागले, की अनेक रुग्णालयांनी त्याचा नादच सोडला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि आता राज्याच्या औषध प्रशासनाची ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मंजुरी मिळालेले ठिकाण मॉर्फिन ठेवू शकते व रुग्णाला देऊ शकते. तेव्हा ‘तुमच्याकडे ही मान्यता आहे का, आणि रात्री दोन वाजता मात्रा वाढवायची ठरल्यास निर्णय कोण घेते’ हे दोन प्रश्न पाठोपाठ विचारावेत. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘सकाळी डॉक्टर आले की बघू’ असे असेल, तर पहिल्या उत्तराचा रुग्णाला उपयोग नाही. तोंडावाटे द्यायच्या साध्या मॉर्फिनचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ते दुखायला लागल्यावर न देता घड्याळाप्रमाणे द्यावे लागते, मध्येच कळ उठली तर द्यायची जादा मात्रा आधीच लिहून ठेवावी लागते, आणि त्याने हमखास बद्धकोष्ठ होतो म्हणून पहिल्या दिवसापासून रेचकही सुरू करावे लागते. मॉर्फिनसोबत रेचक न लिहिणाऱ्या डॉक्टरांना या कामाचा सराव नाही, असे मी आता सरळ समजते.

पाटीवरचा शब्द मात्र फसवा असतो. वृद्धाश्रम, मावश्या-परिचारिका पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत चालणारी शुश्रूषा केंद्रे आणि खरेखुरे हॉस्पिस या तिन्ही ठिकाणी खाटा, मावश्या आणि डायपर असतातच. आधुनिक हॉस्पिसची कल्पना ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करून रुजवली, आणि त्यांचा मूळ आग्रह असा होता की मरणाऱ्या माणसाची वेदना ही शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची मिळून एकच असते व तिच्यावर उपचार करणे हे वैद्यकाचेच काम आहे. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत शांती अवेदना सदन सुरू झाले आणि पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचे पॅलिएटिव्ह केअर (वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेचे) केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य सेवा करत आहे. अशी परंपरा असलेल्या शहरात नुसत्या चांगल्या खोलीला हॉस्पिस म्हणू नये, असे मला मनापासून वाटते. नोंदणी बघावी हे ओघाने आलेच. रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या ठिकाणाची महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंद असायला हवी आणि ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असायला हवे.

आत्याला आम्ही चौथ्या दिवशी घरी आणले आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या एका पथकाशी संपर्क साधला. त्या पथकाच्या डॉक्टरांची पहिली भेट सव्वा तासाची होती. फाइल बाजूला ठेवून त्यांनी आधी आत्यालाच विचारले, की कुठे दुखते, कसे दुखते, शून्य ते दहात किती, रात्री कशामुळे जाग येते, आणि या दुखण्यामुळे कोणती गोष्ट करता येत नाही. आत्या म्हणाली, “मला पोथी वाचायला बसता येत नाही.” डॉक्टरांनी हे कागदावर लिहिले. मग त्यांनी मला विचारले की मणक्यावर रेडिएशनची एखादी बैठक दिली आहे का, कारण हाडातल्या वेदनेवर पुष्कळदा एकाच बैठकीने चांगला आराम पडतो. ‘आता काही करायचे नाही’ असे आम्ही ठरवले होते, आणि ‘काही न करणे’ व ‘वेदनेसाठी काही करणे’ यांत फरक आहे हे तोवर आम्हाला कुणीच सांगितले नव्हते. ती एक बैठक झाली, मॉर्फिन सुरू झाले, आणि आठवड्याभरात आत्या उशांना टेकून वीस मिनिटे बसू लागली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी आकडा विचारण्याआधी पोथीचे विचारले. ठिकाण पाहायला जाल तेव्हा तिथल्या एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकांना इतकेच विचारा, की डॉक्टर तुमच्या माणसाशी बोलतात की तुमच्याशी.

या पथकातल्या सिस्टरांचे एक काम मी रोज पाहत असे आणि माझ्या दृष्टीने गुणवत्ता म्हणजे तेच. आत्याच्या छातीवरची जखम उघडी पडली होती आणि तिला वास येत असे. सिस्टर येण्याआधी अर्धा तास मला फोन करत आणि मॉर्फिनची ठरलेली जादा गोळी द्यायला सांगत, म्हणजे कूस बदलताना आणि ड्रेसिंग करताना औषध रक्तात पोहोचलेले असे. आल्यावर त्या हात धुऊन, तळवे एकमेकांवर चोळून गरम करत, मग आत्याच्या खांद्याला हात लावून सांगत, “आजी, आता डावीकडे वळवते हं.” जुनी पट्टी त्या ओढून काढत नसत, सलाइनने पूर्ण भिजवून, ती स्वतः सुटेपर्यंत थांबत. मेट्रोनिडाझोल या जंतुरोधक औषधाच्या गोळ्यांची पूड जखमेवर भुरभुरवल्यावर दोनतीन दिवसांत वास इतका कमी झाला, की स्वतःची खोली बंद करून घेणाऱ्या आत्याने शेजारच्या काकूंना पुन्हा आत बोलावले. पहिल्या ठिकाणी चादर रोज बदलत होते, पण बदलताना आत्या किंचाळत होती आणि त्याकडे कुणी ‘आधी गोळी द्यायला हवी होती’ या नजरेने पाहिले नव्हते. म्हणून ठिकाण पाहायला भेटीच्या वेळेत जाऊ नये, सकाळी स्पंजिंगच्या वेळेला जावे आणि कॉरिडॉरमध्ये उभे राहून कान द्यावा. जमल्यास कुणाच्या तरी टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा कशी आहे हे विचारावे. दर दोन तासांनी कूस बदलण्याची नोंदवही दाखवतात का, तेही पाहावे.

दुसरी कळीची गोष्ट कागदांत दडलेली असते. पहिल्या ठिकाणी दाखल होताना मी ज्या फॉर्मवर सही केली, त्यात ‘प्रकृती गंभीर झाल्यास रुग्णास जवळच्या रुग्णालयात हलवले जाईल’ असे कलम होते. मला ते तेव्हा जबाबदारीचे वाटले. आता वाटते की ज्यांचे कामच गंभीर प्रकृतीच्या माणसाला सांभाळण्याचे आहे, त्यांनी शेवटच्या क्षणी रुग्णवाहिका बोलवायची असेल तर त्यांच्याकडे जायचेच कशाला. श्वास लागला, घशात घरघर सुरू झाली, रक्तस्राव झाला, तर तुम्ही इथेच काय कराल, हे प्रत्येक शक्यता नाव घेऊन विचारावे आणि उत्तर देणारा माणूस न चाचरता सांगतो का हे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र (शेवटच्या टप्प्यात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) मान्य केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. आत्याने तिचे इच्छापत्र स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी त्याची प्रत पहिल्याच आठवड्यात मागून घेतली.

खाण्यापिण्याबद्दलची त्यांची भूमिकाही आधी जाणून घ्यावी, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त भांडणे इथे होतात. आत्याने अन्न सोडले तेव्हा माझ्या चुलतभावाने सलाइन लावण्याचा धोशा लावला. पैसे घेऊन सलाइन लावून टाकणे कोणालाही सोपे गेले असते. डॉक्टरांनी मात्र त्याला बाजूला बसवून समजावले, की शरीर बंद होत असताना भूक आपोआप जाते, आणि या टप्प्यावर बाहेरून दिलेले पाणी पुष्कळदा अंगावर सूज व छातीत घरघर होऊन बसते. गंगाजलाचा विषय निघाल्यावर सिस्टरांनी चमचा बाजूला ठेवला, कापसाचा बोळा भिजवून आत्याच्या ओठांवरून आणि जिभेच्या टोकावरून फिरवला, आणि भावाच्या हाती देत म्हणाल्या, “घशात ओतू नका, ठसका लागेल. असेच तासातासाला करा.” तो रात्रभर ते करत होता. त्याचे समाधान झाले आणि आत्याला त्रासही झाला नाही.

खर्चाचे फार लिहीत नाही. दिवसाचा दर, डायपर, ऑक्सिजन, एअर बेडचे भाडे आणि रात्रीच्या भेटीचे पैसे हे सगळे एका कागदावर लिहून मागावे, आणि डिपॉझिट परत मिळण्याची अट वाचूनच सही करावी. फुकट म्हणजे कमी प्रतीचे आणि महाग म्हणजे चांगले, हा समज मात्र या क्षेत्रात तरी सोडून द्यावा. घरीच सेवा घेणार असाल तर आणखी एक गोष्ट विचाराच. मृत्यू रात्री झाला तर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यायला कोण येईल, कारण घरी झालेल्या मृत्यूसाठी ४अ नमुन्यातला तो कागद नसेल तर स्मशानभूमीतील पासासाठी घरच्यांची धावपळ होते. आमच्या डॉक्टरांनी हे दोन आठवडे आधी स्वतःहून सांगितले होते आणि पहाटे चार वाजता ते खरोखरच आले.

वैकुंठ स्मशानभूमीतून परत आल्यावर नवव्या दिवशी सिस्टर पुन्हा आमच्या घरी आल्या. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या त्यांना परत न्यायच्या होत्या. अकरा गोळ्या होत्या. त्यांनी त्या माझ्यासमोर दोनदा मोजल्या, वहीत आकडा लिहिला, माझी सही घेतली. मग वही पिशवीत ठेवून त्या आत्याच्या रिकाम्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि मला विचारले, “ताई, तुम्हाला रात्री झोप लागते का?” मी नाही म्हटले. त्या पाऊण तास बसल्या, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी दोनदा फोन केला.