नॉब फोर-हायवर, दिवा लुकलुकतोय आणि पुढची चाकं ढिम्म

जुन्या सफारी, स्कॉर्पिओ, झेनॉनच्या ज्या फोर-बाय-फोर गाड्यांत ट्रान्सफर केसचा (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी) दांडा नाही, डॅशवर नुसता गोल नॉब आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नॉब फिरवला की कंट्रोलरला फक्त निरोप जातो. खरं काम करते ती ट्रान्सफर केसला बोल्टने बसवलेली छोटी मोटर. मुंबईत ही गाडी वर्षभर टू-हायमध्येच, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, पळते, जूनमध्ये कोणीतरी घाटाकडे निघतं, चिखलात नॉब फोर-हायवर, म्हणजे चारही चाकांवर, फिरवतं आणि काहीच होत नाही. गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, 'केस खोलावी लागेल.' इतक्यात खोलू देऊ नका. आतले गिअर आणि चेन सहसा धडधाकट असतात. मोटरपर्यंत वीज पोचत नाही, नाहीतर मोटरच जाम झालेली असते.

आधी कान लावा. गाडी सपाट जागी उभी, इग्निशन ऑन, इंजिन बंद. एक जण नॉब फिरवेल, दुसरा गाडीखाली डोकावेल. मोटरचा घर्र आवाज येऊन थांबला आणि डॅशवरचा फोर-हायचा दिवा लुकलुकतच राहिला, तर मोटर फिरतेय, पण ती कुठे पोचली हे कंट्रोलरला कळत नाही. फक्त रिलेचा टक्क आवाज आला तर मोटरला करंट कमी पडतोय किंवा ती अडकलीय. काहीच आवाज नाही तर फ्यूज, अर्थिंग, नॉब, कंट्रोलर या क्रमाने जा. दिवा लागतो म्हणजे फ्यूज चांगला, असं धरू नका. दिव्याची आणि मोटरची लाइन बऱ्याचदा वेगळी असते, आणि मोटरचा मोठा फ्यूज बॉनेटखालच्या डब्यात असतो.

बॅटरी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. बंद गाडीत 12.6 व्होल्ट हवेत. 12.2 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, कारण कमी व्होल्टेजवर मोटर अर्ध्यात थांबते आणि मग भलताच दोष शोधत बसावं लागतं. त्यानंतर अर्थिंग. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी कंट्रोलरच्या अर्थ वायरला लावा आणि मोटर फिरत असताना रीडिंग घ्या. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट सोडून खालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत करा. मोटर थांबलेली असताना घेतलेलं रीडिंग कामाचं नाही. करंटच वाहत नसेल तर सडलेली अर्थिंगसुद्धा छान दिसते.

आता मुंबईचा खास भाग. समुद्राची खारट हवा आणि वर सबवेत साचलेलं पाणी. ट्रान्सफर केसजवळचा कपलर (वायरींचा जोड) उघडला की पिनांवर हिरवट थर दिसतो. एखादी पिन इतकी खाल्लेली असते की नखाने दाबली तरी मोडते. कपलर ओढताना वायर धरून ओढू नका, लॉक दाबून काढा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या, आणि सीलच्या रबरावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. पेट्रोलने धुऊ नका, रबर फुगतं. हार्नेस सायलेन्सरजवळून जात असेल तर वितळलेली जागा शोधा. आणि सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर! कुरतडलेली वायर टेप गुंडाळून जोडली तर पहिल्याच पावसात परत जाईल. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवा. कंट्रोलर पायाशी, कार्पेटजवळ बसवलेला असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबून तिथे पाणी ठिबकत नाही ना, तेही हात घालून बघा.

मोटर चांगली की वाईट हे थेट बॅटरीवर कळतं. कपलर काढा. वायरिंग डायग्राम बघून मोटरच्या दोन जाड वायरी ओळखा, बारीक वायरी एन्कोडरच्या (मोटर कुठे पोचली हे कंट्रोलरला कळवणारा भाग) असतात, त्यांना 12 व्होल्ट लावले तर एन्कोडर गेला. जाड वायरींना 15 अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून बॅटरीचा क्षणभर स्पर्श द्या. मोटर एका दिशेला फिरेल. प्लस-मायनस उलटा केला की परत येईल. क्षणभरच, कारण दोन्ही टोकांना अडथळा असतो आणि तिथे दाबून धरलं तर मोटर जळते. दोन्ही दिशांना झटक्यात फिरली तर मोटर ठीक, दोष मागे वायरिंगमध्ये. हलली नाही तर काढा.

काढण्यापूर्वी नॉब टू-हायवर ठेवा, मोटर आणि केस दोन्हींवर मार्करने रेघ मारा आणि फोटो घ्या. आत बहुतेक वेळा वाळून कडक झालेलं ग्रीस आणि कार्बन ब्रशची काळी भुकटी सापडते. ब्रश झिजून स्प्रिंगपाशी आले असतील तर बदला. एन्कोडरच्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर क्लीनर आणि सुती फडकं पुरे. पॉलिश पेपर घासलात तर पट्टीच जाईल. मोटर परत बसवताना तिची आणि शिफ्ट शाफ्टची जागा तंतोतंत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर बोल्ट आवळून ओढून बसवण्याचा मोह आवरा. केस अॅल्युमिनियमची आहे, कान तुटतो. तोंडावर सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ द्या.

फोर-हायचा दिवा स्थिर लागतो पण पुढची चाकं ओढत नाहीत, अशी तक्रार असेल तर विजेचा नाद सोडा आणि जॅक काढा. फोर-हाय लावून कच्च्या जमिनीवर थोडं पुढे जा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. पुढचं एकच चाक उचला, स्टँड लावा, हाताने फिरवा. सगळं जुळलेलं असेल तर चाक किंचित हलून अडतं. मोकळं फिरलं तर खाली बघा. चाक फिरतंय पण हाफ शाफ्ट (चाकाकडे जाणारा आडवा दांडा) थांबलेला आहे, म्हणजे त्याच बाजूचा हब (चाक आणि हाफ शाफ्ट जोडणारं कुलूप) लागला नाही. हाफ शाफ्ट आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसकडून येणारा लांब दांडा) दोन्ही फिरतायत, म्हणजे ट्रान्सफर केस जुळली नाही. हाफ शाफ्ट फिरतोय आणि प्रोपेलर थांबलाय, तर पलीकडच्या हबकडे जा. तो सुटा असला की डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) आपली ताकद तिकडेच सोडून देतं. ही खूण कित्येक जण चुकवतात आणि चांगला हब बदलून बसतात.

हब व्हॅक्यूमवर चालणारे असतील तर ही चाचणी इंजिन चालू ठेवूनच खरी ठरते, गाडीखाली मात्र घुसू नका, बाजूने बघा. रबरी नळ्या उन्हाने तडकतात. हँड पंपाने हबच्या नळीवर साधारण 15 इंच व्हॅक्यूम द्या. मिनिटभर काटा जागेवर राहिला पाहिजे.

फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त ताकद) लागत नसेल तर बहुतेकदा गाडीत दोष नसतो. गाडी पूर्ण उभी, गिअर न्यूट्रल, क्लच तळापर्यंत, मगच नॉब. क्लच पेडलखाली जाड मॅट सरकली असेल तर स्विच दाबला जात नाही आणि कंट्रोलर फोर-लो नाकारतो. दाते समोरासमोर आले तरी अडतं. गाडी वीतभर पुढे ढकला आणि परत प्रयत्न करा.

कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून चाचणी घेऊ नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण शाफ्टमध्ये साठतो आणि मग फोर-हाय सुटतच नाही. तसं झालंच तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले नसतील तर हाच त्रास सरळ रस्त्यावरही होतो.

गुडघाभर पाण्यातून गाडी गेली असेल तर डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल एकदा काढून बघा. तापलेलं डिफरेन्शियल थंड पाण्यात गेलं की ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याचं छिद्र) पाणी आत ओढतं आणि ऑइल चहासारखं दुधी होतं. नवीन ऑइल पुस्तिकेत लिहिलंय त्याच ग्रेडचं. काही ट्रान्सफर केसना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, तिथे गिअर ऑइल ओतू नका.

मोटर खरोखर गेली तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी शोधता येते. जाताना आपली मोटर बरोबर न्या, कपलरच्या पिना आणि शाफ्टचा आकार शेजारी ठेवून पडताळा, आणि दुकानदाराकडच्या बॅटरीवर दोन्ही दिशांना फिरवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. नवीन बसवा की जुनी, महिन्यातून एकदा मातीच्या जागेवर फोर-हाय लावून शंभरेक मीटर चालवा. ग्रीस परत गोठू नये म्हणून.